दाद मागण्याचा हक्क : एका वाक्यावर भाष्य

मूळ पाठ

‘काँग्रेस असा कोणताही कायदा करणार नाही, की ज्याने … लोकांच्या शांततेने एकत्र जमण्याच्या, आणि गाऱ्हाण्यांच्या निवारणासाठी शासनाकडे अर्ज करण्याच्या हक्काचा संकोच होईल.’

उपोद्घात

हे अमेरिकी राज्यघटनेच्या पहिल्या दुरुस्तीचे शेवटचे खंड. ही दुरुस्ती १५ डिसेंबर १७९१ रोजी अमलात आली. धर्म, भाषण आणि वृत्तपत्रे यांविषयीचा मधला भाग येथे गाळला आहे. त्यावर विवेचन पुष्कळ झाले आहे. या शेवटच्या खंडांकडे लक्ष कमी गेले.

विद्यार्थ्या, हे वाक्य आपण एक प्रश्न मनात धरून वाचू. साथ चालू आहे. माणसांनी एकमेकांपासून दूर राहावे, असा हुकूम आहे. अशा वेळी कृष्णवर्णीय माणूस पुढे येतो आणि सांगतो, की माझ्यावर आधीच अन्याय होत होता, साथीने तो वाढवला. हे वाक्य त्याला काय देते? नुसती बोलण्याची मुभा, की ऐकून घेतले जाण्याचा हक्कही? पाठात ‘ऐकणे’ हे क्रियापद कोठेच नाही. म्हणून उत्तर पदापदातून काढावे लागेल. त्यासाठी दोन साथी समोर ठेव : फिलाडेल्फियातला १७९३ चा पीतज्वर आणि २०२० चा कोरोना.

अन्वय असा : काँग्रेसने संकोच करू नये. कशाचा? हक्काचा. कोणाच्या? लोकांच्या. कोणता हक्क? शांततेने जमण्याचा, आणि अर्ज करण्याचा. अर्ज कोणाकडे? शासनाकडे. कशाविषयी? गाऱ्हाण्यांविषयी. कशासाठी? निवारणासाठी. भाष्य याच क्रमाने जाईल.

१. ‘काँग्रेस … संकोच’

काँग्रेस म्हणजे संघराज्याचे विधिमंडळ. वाक्याची घडण निषेधाची आहे, विधीची नाही. म्हणजे ‘हक्क देत आहोत’ असे पाठ म्हणत नाही. हक्क आधीपासून आहे असे धरून तो सत्तेचा हात बांधतो. ‘संकोच’ म्हणजे पुरता नाश नव्हे, आक्रसणे. याचा अर्थ, हक्क नावापुरता ठेवून आतून लहान करणेही निषिद्ध आहे.

पण हात बांधला तो फक्त काँग्रेसचा. राज्ये, शहरे आणि त्यांचे पोलीस या पाठाबाहेर राहिले. याची किंमत कोणी मोजली ते पाहा. १८७३ मध्ये लुइझियानातल्या कोलफॅक्स गावी गोऱ्यांच्या सशस्त्र टोळीने कृष्णवर्णीयांची कत्तल केली. टोळीवरच्या आरोपांत, मृतांच्या एकत्र जमण्याच्या हक्कावर घाला घातला, हाही आरोप होता. १८७६ मध्ये क्रूइकशँक खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की हे कलम काँग्रेसला बांधते, खाजगी माणसांना नाही. आरोपींवरच्या शिक्षा टिकल्या नाहीत. जमण्याचा हक्क राज्यांनाही बांधतो, हे न्यायालयाने मान्य केले ते १९३७ मध्ये, डी जोंग विरुद्ध ऑरेगन या खटल्यात, चौदाव्या दुरुस्तीच्या आधाराने.

म्हणून आज ‘काँग्रेस’ हे पद वाचताना राज्यपालाचा टाळेबंदीचा आदेश, महापौराची संचारबंदी आणि पोलिसांचा बंदोबस्त ही तिन्ही त्यात धरायची. मे २०२० मध्ये मिनियापोलिसमध्ये जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय माणसाचा पोलिसांच्या हातून मृत्यू झाला, तो प्रसंग शहराच्या पोलिसांचा आहे. ही व्याप्ती ध्यानात घेतली नाही, तर पाठ तेथपर्यंत पोचतच नाही.

२. ‘लोकांच्या’

पाठ ‘नागरिकांच्या’ म्हणत नाही, ‘लोकांच्या’ म्हणतो. याचे दोन अर्थ लावले गेले. संकुचित अर्थ : लोक म्हणजे राज्यकर्त्यांनी आपले मानलेले. व्यापक अर्थ : लोक म्हणजे त्या राज्याच्या अमलाखाली राहणारे सर्व.

फेब्रुवारी १८३७ मध्ये प्रतिनिधिगृहाने ठराव केला, की गुलामांना अर्ज करण्याचा हक्क नाही. १८५७ मध्ये ड्रेड स्कॉट खटल्यात न्यायालय त्याहून पुढे गेले. ज्यांचे पूर्वज आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणले गेले, ते स्वतंत्र असले तरी घटनेच्या अर्थाने नागरिक नाहीत, असे त्याने म्हटले. हा संकुचित अर्थ १८६८ च्या चौदाव्या दुरुस्तीने मोडला. त्यात जन्माने नागरिकत्व आले आणि कायद्याचे समान संरक्षणही.

येथे एक सूचितार्थ आहे. ज्याला ‘लोकांत’ मोजले नव्हते, त्याने अर्ज केला, तर तो अर्ज एका गाऱ्हाण्यापुरता राहत नाही. ‘मीही लोकांत आहे’ हे त्याचे न लिहिलेले पहिले कलम असते.

३. ‘शांततेने’

शांतता कोणाच्या वागण्यावरून ठरवायची? जमणाऱ्याच्या, की पाहणाऱ्याच्या? मार्च १९६१ मध्ये दक्षिण कॅरोलिनातल्या कोलंबिया येथे कृष्णवर्णीय विद्यार्थी राज्याच्या विधानभवनाकडे चालत गेले. पोलिसांनी पांगायला पंधरा मिनिटे दिली. विद्यार्थी गाणी म्हणू लागले. १८७ जणांना शांतताभंगाबद्दल शिक्षा झाली. फेब्रुवारी १९६३ मध्ये एडवर्ड्स विरुद्ध दक्षिण कॅरोलिना या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने त्या शिक्षा रद्द केल्या. याचा अर्थ, ऐकणारा चिडला म्हणून बोलणारा अशांत ठरत नाही.

शंका : २०२० मध्ये फ्लॉइड यांच्या मृत्यूविरुद्धच्या निदर्शनांच्या वेळी काही शहरांत जाळपोळ आणि लुटालूट झाली. मिनियापोलिसची एक पोलीस चौकी २८ मे च्या रात्री जळाली. मग ‘शांततेने’ ही अट मोडली नाही का?

समाधान : जाळणाऱ्यापुरती मोडली. जाळपोळीला या पाठाचे संरक्षण नाही, याबद्दल दुमत नको. पण एकाची आग दुसऱ्याच्या माथी मारता येत नाही. मिसिसिपीतल्या पोर्ट गिब्सन येथील बहिष्काराच्या खटल्यात १९८२ मध्ये हेच ठरले : हिंसा करणारा त्या हिंसेला जबाबदार, बरोबर उभा असलेला शांत माणूस नाही. या कसोटीवर १ जून २०२० ची वॉशिंग्टनमधली घटना लावून पाहा. लाफायेट चौकाजवळचा बहुतांशी शांत जमाव संचारबंदीची वेळ होण्याआधीच झोंबऱ्या रसायनांचा मारा करून हटवला गेला. अट जमावाला होती. ती पाळूनही जमाव हटला.

४. ‘एकत्र जमण्याच्या’

साथीत सर्वांत कठीण पद हेच. जमणे म्हणजे शरीरांनी जवळ येणे, आणि रोग नेमका त्यानेच पसरतो. १९०५ मध्ये जेकबसन विरुद्ध मॅसॅच्युसेट्स या खटल्यात देवीच्या सक्तीच्या लसीवरून न्यायालयाने मान्य केले होते, की सार्वजनिक आरोग्यासाठी राज्य व्यक्तीच्या स्वातंत्र्यावर वाजवी बंधन घालू शकते. म्हणजे अंतर, मुखपट्टी, जागा, वेळ यांच्या अटी घालणे हा आपोआप संकोच नव्हे.

जून २०२० मध्ये आरोग्यक्षेत्रातल्या बाराशेहून अधिक जणांनी सह्या केलेले एक खुले पत्र प्रसिद्ध झाले. त्यात दोन विधाने होती. एक : वर्णद्वेष हाही सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न आहे; म्हणून संसर्गाचे कारण सांगून त्याविरुद्धची निदर्शने बंद पाडू नयेत, ती अधिक सुरक्षित करावीत. दोन : घरी राहण्याच्या आदेशाविरुद्ध झालेली निदर्शने वेगळी, त्यांना हा पाठिंबा नाही.

पहिले विधान टिकते. शिकागोत एप्रिल २०२० च्या आरंभी लोकसंख्येत सुमारे ३० टक्के असलेल्या कृष्णवर्णीयांचा कोरोनाच्या मृत्यूंतला वाटा सुमारे ७० टक्के होता. बस चालवणारे, रुग्णालयात झाडलोट करणारे, मांस कारखान्यात उभे राहणारे घरी बसू शकत नव्हते. ज्यांना साथ सर्वांत जास्त मारत होती, तेच रस्त्यावर आले होते. त्यांना धोका कळत नव्हता, असे म्हणणे म्हणजे त्यांचे बोलणे ऐकण्याआधीच निकालात काढणे.

दुसरे विधान डॉक्टरांचे मत म्हणून चालेल, शासनाची कसोटी म्हणून चालणार नाही. विषाणू घोषणा विचारत नाही. शासनानेही विचारू नये. अंतराचा नियम मिशिगनमध्ये टाळेबंदीविरुद्ध जमलेल्यांना जेवढा, तेवढाच जूनमधल्या मोर्च्याला. विद्यार्थ्या, हा मुद्दा कृष्णवर्णीयांच्या विरुद्ध जातो असे समजू नकोस. मजकूर पाहून परवानगी देण्याचा अधिकार सत्तेकडे गेला, की त्याचा पहिला फटका कोणाला बसतो, हे कोलंबियाच्या विद्यार्थ्यांनी दाखवून दिले आहे.

पुढचे ‘आणि’ हे पद पाहा. क्रूइकशँकच्या निकालात जमणे हे अर्जासाठी, असा जोड लावलेला दिसतो. आजचे वाचन दोन्ही हक्क स्वतंत्र मानते. दुसरे वाचन योग्य आहे, पण पहिल्यात एक खरी गोष्ट शिल्लक आहे : कागदावरच्या अर्जाला उत्तर मिळेनासे झाले, की जमाव हाच अर्ज होतो.

५. ‘अर्ज करण्याच्या’

अर्ज म्हणजे मागणे, आज्ञा नव्हे. याला पुरावा घटनेच्या चर्चेतच आहे. १५ ऑगस्ट १७८९ रोजी प्रतिनिधिगृहात सूचना आली, की लोकांना आपल्या प्रतिनिधींना ‘आदेश देण्याचा’ हक्कही या कलमात घालावा. ती फेटाळली गेली. याचा अर्थ, अर्जदार शासनाला बांधू शकत नाही. मागितलेले मिळालेच पाहिजे, असे पाठ म्हणत नाही.

मग किमान काय मिळाले पाहिजे? इतिहासाकडे वळू. ३० डिसेंबर १७९९ चा एक अर्ज आहे. अबसालोम जोन्स आणि फिलाडेल्फियातल्या इतर स्वतंत्र कृष्णवर्णीयांनी तो केला. गुलामांचा व्यापार, स्वतंत्र माणसांना पळवून विकणे, पळालेल्या गुलामांविषयीचा १७९३ चा कायदा, ही गाऱ्हाणी. आणि गुलामी हळूहळू संपवावी, ही मागणी. काँग्रेस तेव्हा त्याच शहरात भरत असे. रॉबर्ट वॉन या प्रतिनिधीने जानेवारी १८०० च्या आरंभी अर्ज मांडला. सभागृहाने ठराव केला, की घटनेने आपल्याला मनाई केलेल्या विषयांवर कायदा मागणाऱ्या भागाला कसलेही उत्तेजन देऊ नये. बाजूने ८५, विरुद्ध एक. तो एक म्हणजे मॅसॅच्युसेट्सचा जॉर्ज थॅचर.

तरी हा अर्ज निदान वाचला गेला, त्यावर वाद झाला, मत पडले. पुढे तेही बंद झाले. १८३६ ते १८४४ या काळात गुलामीविरोधी अर्ज चर्चेविना बाजूला टाकायचे, असा नियम सभागृहाने चालवला. माजी राष्ट्राध्यक्ष जॉन क्विन्सी ॲडम्स त्याविरुद्ध आठ वर्षे भांडत राहिले. या नियमाने अर्ज करायला मनाई नव्हती. हवे तेवढे करा, आम्ही पाहणार नाही, एवढेच. वर ‘संकोच’ या पदाचा अर्थ केला होता, हक्क नावापुरता ठेवणे. त्याचे यापेक्षा चोख उदाहरण सापडणार नाही.

६. ‘शासनाकडे’

पाठातले शासन म्हणजे आपलेच. ते ऐकत नसेल तर? १९४६ मध्ये नॅशनल निग्रो काँग्रेस या अमेरिकी कृष्णवर्णीयांच्या संघटनेने संयुक्त राष्ट्रांकडे अर्ज केला. त्याच वर्षी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अमेरिकी कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉइस यांना पत्र लिहून त्या अर्जाच्या प्रती मागवल्या. अस्पृश्यांसाठीही तसे पाऊल टाकण्याचा विचार होता. ड्युबॉइस यांनी ३१ जुलै १९४६ रोजी उत्तर दिले. ऑक्टोबर १९४७ मध्ये ड्युबॉइस यांनी संपादित केलेला दुसरा अर्ज संयुक्त राष्ट्रांत दाखल झाला, पण त्यावर कारवाई झाली नाही.

महाराष्ट्राकडून या बाजूला लक्ष आधीपासूनच होते. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामी नष्ट करण्यासाठी झटलेल्या अमेरिकेतल्या सज्जनांना. बाबासाहेबांचे पत्र त्याच्या पुढचे पाऊल आहे. फुल्यांनी मुक्तिदात्यांचा गौरव केला. बाबासाहेबांनी पीडितांचा अर्ज वाचायला मागितला.

७. ‘गाऱ्हाण्यांच्या’

गाऱ्हाणे म्हणजे सोसलेल्याने सांगितलेला अन्याय. येथे ‘सोसलेल्याने’ हे महत्त्वाचे. दुसरा कोणी त्याच्याविषयी सांगतो ती बातमी. तो स्वतः सांगतो ते गाऱ्हाणे.

१७९३ चा पीतज्वर घे. फिलाडेल्फियाची वस्ती सुमारे पन्नास हजार. त्यातला जवळजवळ दहावा हिस्सा काही महिन्यांत मेला. कृष्णवर्णीयांना हा ताप होत नाही, असे डॉ. बेंजामिन रश यांचे मत होते. त्यांनी शुश्रूषेसाठी हाक दिली. अबसालोम जोन्स आणि रिचर्ड ॲलन यांच्या पुढाकाराने कृष्णवर्णीय घराघरांत गेले, त्यांनी रोगी सांभाळले, प्रेते पुरली. साथ सरताच प्रकाशक मॅथ्यू केरी यांचे पुस्तक निघाले. काही कृष्णवर्णीय परिचारिकांनी अवाच्या सवा पैसे घेतले, चोऱ्या केल्या, असा ठपका त्यात होता.

जोन्स आणि ॲलन यांनी १७९४ मध्ये उत्तर छापले. त्याची रीत ध्यानात घे. त्यांनी जमाखर्च मांडला. दफनांचे आकडे दिले : त्यांच्या समाजात १७९२ मध्ये ६७, १७९३ मध्ये ३०५. म्हणजे ‘यांना ताप होत नाही’ ही समजूत आकड्यांनी पाडली. महापौरांचे प्रशस्तिपत्र जोडले. आरोप करणारा स्वतः साथीत शहराबाहेर गेला होता, हेही सांगितले. गाऱ्हाणे म्हणजे रडगाणे, असे ज्याला वाटते त्याने हे प्रकरण अभ्यासावे. हा रीतसर पुरावा होता.

आता २०२०. डिसेंबरमध्ये इंडियाना राज्यातल्या एका कृष्णवर्णीय डॉक्टर बाईंनी कोरोनाच्या खाटेवरून चित्रफीत प्रसिद्ध केली. आपल्या वेदना खऱ्या मानल्या जात नाहीत, आणि आपण गोऱ्या असतो तर असे झाले नसते, असे त्यांचे म्हणणे होते. काही आठवड्यांतच त्या गेल्या. त्याच महिन्यात मिशिगनच्या संशोधकांनी बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरविषयी निष्कर्ष छापले. यंत्र ९२ ते ९६ टक्के दाखवत असताना धमनीतल्या रक्तात ऑक्सिजन ८८ च्या खाली असण्याचे प्रमाण कृष्णवर्णीयांत ११.७ टक्के होते, गोऱ्यांत ३.६. कारण उघड आहे : यंत्र त्वचेतून प्रकाश पाठवून मोजते आणि गडद त्वचेतले रंगद्रव्य त्या मोजणीत ढवळाढवळ करते. १९९० मध्येही अशी नोंद प्रसिद्ध झाली होती. अमेरिकी औषध प्रशासनाचा इशारा आला फेब्रुवारी २०२१ मध्ये.

याचा अर्थ काय? रुग्ण ‘श्वास पुरत नाही’ म्हणत होता, यंत्र ‘ठीक आहे’ म्हणत होते, आणि विश्वास यंत्रावर ठेवला गेला. १७९३ मध्ये ‘यांना ताप होत नाही’ या मताने जे केले, तेच २०२० मध्ये एका आकड्याने केले.

८. ‘निवारणासाठी’

निवारण म्हणजे दूर करणे, दाद देणे. सगळ्या वाक्याची किल्ली ‘साठी’ या शब्दयोगी अव्ययात आहे.

पूर्वपक्ष : शासनावर ऐकण्याचे बंधन नाही. १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नाइट खटल्यात स्पष्ट सांगितले, की शासनाला आपले म्हणणे ऐकायला लावण्याचा घटनात्मक हक्क कोणालाही नाही. तो खटला मिनेसोटाचा, सार्वजनिक महाविद्यालयांतल्या अध्यापकांचा. पूर्वपक्ष दुबळा नाही. कोट्यवधी लोकांपैकी प्रत्येकाने मागितले म्हणून सुनावणी द्यावी लागली, तर राज्य चालणार कसे?

उत्तरपक्ष : न्यायालयाने फेटाळला तो न्यायालयामार्फत बजावता येणारा हक्क. त्यावरून ऐकणे पाठाच्या हेतूबाहेर आहे, असे ठरत नाही. अर्ज ‘निवारणासाठी’ आहे. न वाचलेल्या कागदाने निवारण होऊ शकत नाही. म्हणून ऐकणे हे क्रियापद पाठात नसले, तरी अर्ज आणि निवारण यांच्या मधला तो अध्याहृत दुवा आहे. शिवाय, राजाकडे केलेल्या अर्जांना पुन्हा पुन्हा अन्यायानेच उत्तर मिळाले, ही तक्रार १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यातच आहे. जे राज्य न ऐकण्याच्या रागातून जन्मले, त्याच्या घटनेत ऐकणे ऐच्छिक मानणे संदर्भाला सोडून होईल.

माझे मत उत्तरपक्षाकडे आहे, एका मर्यादेसह : ऐकणे म्हणजे मान्य करणे नव्हे. ऐकण्याची अंगे तीन. स्वीकार, पडताळणी, उत्तर.

२५ मे २०२० ला ही अंगे लावून पाहा. मिनियापोलिस पोलिसांच्या पहिल्या निवेदनात जॉर्ज फ्लॉइड यांचा मृत्यू ही वैद्यकीय घटना होती. पोलीस अधिकाऱ्याने त्यांच्या मानेवर दाबून धरलेल्या गुडघ्याचा उल्लेख नव्हता. रस्त्यावरचे लोक पोलिसांना त्याच क्षणी विनवत होते. ते गाऱ्हाणे तेथे स्वीकारले गेले नाही. सतरा वर्षांच्या एका कृष्णवर्णीय मुलीने ते चित्रफितीत टिपले म्हणून स्वीकार झाला. पडताळणी खटल्यात झाली, आणि २० एप्रिल २०२१ रोजी तो पोलीस अधिकारी दोषी ठरला. हे एका माणसाच्या मृत्यूचे उत्तर झाले. पोलिसांच्या कामकाजात सुधारणा मागणारे फ्लॉइड यांच्या नावाचे विधेयक प्रतिनिधिगृहात २०२० आणि २०२१ मध्ये संमत झाले. सेनेटमधून पुढे गेले नाही. उत्तराला किती वेळ लागू शकतो, तेही पाहा. झुंडबळींविरुद्ध संघराज्याचा कायदा करावा, असे विधेयक काँग्रेसमधले तेव्हाचे एकमेव कृष्णवर्णीय सदस्य जॉर्ज हेन्री व्हाइट यांनी १९०० मध्ये मांडले. कायदा झाला २९ मार्च २०२२ रोजी.

सिद्धान्त

हा पाठ बोलणाऱ्याचे तोंड उघडे ठेवतो. ऐकणाऱ्याचा कान उघडा ठेवण्याची सक्ती तो करत नाही, पण तो कान उघडा आहे असे धरूनच त्याची रचना केली आहे. साथीत ही उणीव जिवावर बेतते, कारण त्या काळात उशीर हाच नकार असतो. म्हणून विद्यार्थ्या, एखादे शासन, खाते किंवा रुग्णालय ‘आम्ही कृष्णवर्णीयांचे म्हणणे ऐकले’ असे सांगेल, तेव्हा त्या वाक्यावरही असेच भाष्य कर. अर्ज कोणत्या तारखेला स्वीकारला ते विचार. पडताळणी कोणी आणि कोणत्या मापाने केली ते विचार, आणि ते माप अर्जदारावर तपासले होते का, हेही. मग उत्तराचा कागद माग. तिन्ही हाती येईपर्यंत तो अर्ज प्रलंबित समज.